नानांच्या वतीनं

१

कोंडीनानांची सकाळ सहाला सुरू व्हायची, आणि ती सुरू करायला तीन माणसं लागायची. सुमनबाई कोमट पाण्यात फडकं पिळून नवऱ्याचं तोंड पुसायच्या. सून माधुरी नाचणीची पातळ पेज गाळून आणायची. आणि मुलगा संदीप सुप्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघण्याआधी खाटेच्या दांडीला बसवलेला टॅब वडिलांच्या तोंडासमोर ओढून त्याचं बटण दाबायचा. टॅबच्या वरच्या कडेला एक बारीक निळा दिवा लागायचा. मग नाना बोलायचे.

म्हणजे टॅब बोलायचा. पण आवाज नानांचाच होता.

गेल्या मार्गशीर्षात अंगणात दात घासता घासता नाना खाली बसले, ते उठलेच नाहीत. मेंदूच्या बुडाशी गुठळी अडकली होती. नगरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण हात, पाय, जीभ, सगळं गेलं. राहिले ते दोन डोळे, आणि त्या डोळ्यांमागे सगळाच्या सगळा माणूस. "यांना सगळं कळतंय बरं का," घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "फक्त बाहेर येत नाही."

आणि हे व्हावं कुणाचं, तर ज्याच्या आवाजावर पंचक्रोशीतल्या जत्रा चालायच्या त्या माणसाचं. चाळीस वर्षं नानांनी हगाम्याचा माइक धरला. हगामा म्हणजे जत्रेतल्या कुस्त्या. जोड पुकारायची, पैलवानाच्या वस्तादाचं नाव घ्यायचं, पाहुण्यांना टॉवेल-टोपी-नारळ देताना 'समस्त ग्रामस्थांच्या वतीनं' त्यांच्या सात पिढ्यांचं कौतुक करायचं, वाद पेटला तर गोड बोलून विझवायचा. माइकवर नानांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही, आणि माइक कधी रिकामा ठेवला नाही. पडलेल्या पैलवानाची ते अशी वाखाणणी करायचे की गडी जिंकल्यासारखा आखाड्याबाहेर जायचा. घरी मात्र दिवसाला दहा शब्द. "वाढ." "पानी." "न्हाई." सुमनबाई म्हणायच्या, सगळं बोलनं तिकडंच सांडून येत्यात.

पुण्याच्या कंपनीचा माणूस टॅब बसवायला आला तेव्हा म्हणाला, "जुना आवाज जितका द्याल तितकं चांगलं." संदीपने कॅसेटी, सीड्या, मोबाईलवरचे व्हिडिओ, घरात होतं नव्हतं ते सगळं दिलं. सगळं हगाम्यातलं. नानांचं घरातलं "न्हाई" कुणी कधी टेप करून ठेवलं नव्हतं. असलं काय कोण टेप करून ठेवतं?

२

पडद्यावर अक्षरं असायची. नाना एखाद्या अक्षराकडे बघत राहिले की ते उमटायचं, आणि दोन-तीन अक्षरांवरून टॅब अख्खं वाक्य सुचवायचा. पटलं तर हिरव्या खुणेकडे बघायचं, नाही पटलं तर तांबड्या. पहिल्या दिवशी नानांनी मोठ्या कष्टाने लघवीसाठी 'भांडं' एवढंच जुळवलं, हिरव्याकडे बघितलं, आणि खोलीत त्यांचा आवाज घुमला, "आमच्या सौभाग्यवती सुमनबाई यांना नम्र विनंती, त्यांनी भांडं घेऊन ताबडतोब व्यासपीठाकडे यावं!" घर हसून हसून लोळलं. नानाही आतल्या आत हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा ते घर हसलं होतं, त्यामुळे टॅब सगळ्यांचा लाडका झाला.

पण नानांना आवाज काही भांड्यासाठी नको होता. त्यांना एकच गोष्ट बोलायची होती, आणि ती वृषालीशी.

वृषाली म्हणजे नानांची लेक, संदीपची थोरली बहीण. बारा वर्षांपूर्वी तिने भिंगारच्या प्रशांतशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. प्रशांत बौद्ध घरातला, सरकारी कचेरीत नोकरीला, नाव ठेवायला जागा नाही असा मुलगा. नानांना जात आडवी आली, आणि त्याहून जास्त आडवं आलं ते गाव. लग्नाच्या चौथ्या दिवशी जत्रा होती. मानाच्या कुस्तीआधी, भरल्या आखाड्यात, कुणी विचारलं नसताना नाना माइकवर म्हणाले, "आज सांगून ठिवतो मंडळी, ह्या कोंडीरामाला लेकरू एकच, आन् ते संदीप." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तेवढा तुकडा मोबाईलवर धरून वृषालीला पाठवला. त्यानंतर ती घराची पायरी चढली नाही.

आपण चुकलो, हे नानांना केव्हाच कळलं होतं. सांगायचा धीर होत नव्हता. आता धीर झाला तर तोंडच गेलं. छताच्या पत्र्याकडे बघत बघत त्यांनी मनातल्या मनात वाक्य घोटून ठेवलं होतं. वृषे, म्या वंगाळ वागलो. माइकवर बोललो ते खोटं हुतं. ये. एवढंच, वर एक शब्द नको. जे माइकवर मोडलं ते माइकच्या भाषेत जोडायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

एका सकाळी ते 'वृषे म्या' इथपर्यंत पोचले. टॅबने सुचवलं, 'वृषालीताई, आपलं या ठिकाणी मनःपूर्वक स्वागत.' तांबडं. पुन्हा जुळवलं. 'आमचं कन्यारत्न, गावाची शान.' तांबडं. अकरा वेळा जुळवलं, अकरा वेळा तांबडं. शेवटी डोळ्यांतून पाणी यायला लागलं, अक्षरं धूसर झाली, आणि सुमनबाईंनी ऊन लागतंय म्हणून खिडकी लावून घेतली.

३

वैशाखातली दुपार होती. नानांना तहान लागली होती. पडद्यावरच्या 'प'कडे बघावं असं त्यांच्या मनात आलं, अजून बघितलं नव्हतं, तोच टॅब बोलला.

"सुमन, पानी दे गं जरा."

सुमनबाईंनी चमच्याने पाणी पाजलं. नाना पाणी गिळत विचार करत राहिले. ओठ सुकलेले असतील, कॅमेऱ्याला दिसले असतील. त्यात काय मोठंसं. पण हा आवाज माइकचा नव्हता. 'नम्र विनंती' नव्हती, 'ताबडतोब' नव्हतं. हा घरातला आवाज होता, जो कुठल्या कॅसेटीत नव्हता. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की टॅब दिवसभर घरात असतो, सुमनचं, संदीपचं बोलणं ऐकतो, तिथून उचललं असेल. समजूत पटली. फक्त त्या 'गं'पाशी जरा अडली. बायकोला 'गं' म्हणून त्यांनी उभ्या जन्मात पाणी मागितलं नव्हतं.

चार दिवसांनी सुमनबाई पातेलं घेऊन खोलीत आल्या. नानांसाठी पिठलं पातळ करून आणलं होतं.

"सुमन," टॅब म्हणाला, "तुझ्यासारखं पिठलं तालुक्यात कुनाला जमत न्हाई. चाळीस वर्सं खाल्लं, सांगायचं तेवढं ऱ्हाऊन गेलं."

नानांनी काहीच बघितलं नव्हतं. अक्षर नाही, हिरवं नाही. त्यांनी झटकन नजर तांबड्या खुणेवर नेली. खूण लागली. ती लागलेली त्यांना स्पष्ट दिसली. तरी आवाज चालूच राहिला, "कष्ट लई झालं तुला. म्या बघत हुतो, बरं का. दिसत हुतं मला."

सुमनबाई पातेलं हातात धरून उभ्याच राहिल्या. मग खाली बसल्या आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडल्या. "आता गं बया," एवढंच त्यांना पुन्हा पुन्हा म्हणता येत होतं.

खरं सांगायचं तर नानांना त्या वेळी भीती वाटली नाही, लाज वाटली. कारण यंत्र बोललं त्यात खोटं काही नव्हतं. हे चाळीस वर्षांत कधीही म्हणता आलं असतं, फुकट म्हणता आलं असतं. त्यांनी सुमनबाईंकडे बघितलं. सुमनबाई उठल्या, डोळे पुसले, आणि त्याच पदराने टॅबच्या काचेवरची धूळ पुसली.

संध्याकाळी संदीप कामावरून आला तेव्हा खुशीत होता. "नाना, नवं अपडेट आलंय. आता अक्षरं बघत बसायचा तरास संपला. तोंडावरनंच समदं वळखतंय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर अक्षरं नव्हती. हिरवं नव्हतं, तांबडंही नव्हतं. काळ्या काचेवर एक बारीक पांढरी रेघ होती. आवाज आला की ती हलायची. नाना दिवसभर त्या कोपऱ्याकडे बघत राहिले जिथे तांबडी खूण असायची.

४

एका दुपारी त्यांना झोप लागली. जाग आली ती स्वतःच्या हसण्याने.

डोळे अजून मिटलेले होते. खोलीत शेजारच्या छबूबाई बसलेल्या होत्या, त्यांच्या बांगड्या ओळखीच्या होत्या. सुमनबाई बहुतेक शेंगा फोडत होत्या. आणि नानांचा आवाज छबूबाईंना त्यांच्या लग्नातली गंमत सांगत होता, नवरदेवाचं घोडं कसं परस्पर सुप्याच्या बाजारात निघून गेलं ती. आवाज ठिकठिकाणी थांबत होता, बायका हसल्या की पुढे जात होता. इतकं रंगवून तर नानांनी माइकवरही कधी सांगितलं नव्हतं.

मी झोपलोय, नानांना वाटलं. माझे डोळे मिटलेले आहेत. तोंडावरून ओळखायचं तर झोपलेल्या तोंडावर घोडं कुठून येईल?

त्यांनी डोळे उघडायचा प्रयत्न केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो धीर त्यांना झाला नाही. डोळे उघडले आणि तरीही आवाज थांबला नाही तर? ते तसेच पडून राहिले, आणि बायका आपल्याकडे बघतायत की टॅबकडे, हे आवाजावरून ताडत राहिले. छबूबाईंचा आवाज खाटेच्या डाव्या बाजूला जात होता. डावीकडे टॅब होता.

"कोंडीभावजी आधी असं कुठं बोलायचं?" छबूबाई म्हणाल्या. "दुखन्यानं मानसात आनलं बाई त्यास्नी."

"व्हय की," सुमनबाई म्हणाल्या. "आता कुठं मला नवरा घावला बघा."

दोघी हसल्या. त्यांच्याबरोबर नानांचा आवाजही हसला. खाटेवर नाना डोळे मिटून पडले होते आणि कानांत पाण्याचा ओघळ जात होता. तो पुसायला कुणी उठलं नाही.

५

सोमवारी सकाळी संदीपची सुट्टी होती. तो खोलीत आला तसा टॅब म्हणाला, "संदीप, वृषीला फोन लाव."

नाना आधी दचकले आणि लगेच त्यांना आनंदही झाला. हे तर त्यांनाच हवं होतं. यंत्राने न सांगता ओळखलं होतं. क्षणभर त्यांना त्या पांढऱ्या रेघेचे पाय धरावेसे वाटले. संदीप घाबरत घाबरत बहिणीचा नंबर लावून, स्पीकर सुरू करून मोबाईल टॅबपाशी धरून उभा राहिला.

"हॅलो, काय रे?" वृषालीचा आवाज आला. बारा वर्षांत तो किती जाड झाला होता!

"वृषे," टॅब म्हणाला. "म्या वंगाळ वागलो. माइकवर बोललो ते खोटं हुतं."

नानांच्या मनातलं वाक्य, शब्दाला शब्द. आता 'ये' म्हण, नानांनी मनात म्हटलं. म्हण आणि थांब. पण आवाज थांबला नाही.

"पाच वर्सांमागं म्या भिंगारला आल्तो. तुझ्या घराम्होरच्या गिरनीपशी, टेम्पोच्या आडुशाला हुबा ऱ्हायलो. तू गॅलरीत कापडं वाळत घालीत हुतीस. हाक मारायचा धीर झाला न्हाई. लई रडलो आन् तसाच माघारी आलो."

पलीकडे वृषाली हुंदके द्यायला लागली. इकडे संदीपने तोंड फिरवलं. नाना मात्र गार पडले होते.

कारण हे खरं होतं. अँप्लिफायर दुरुस्तीला नगरला गेले असताना ते भिंगारला गेले होते, गिरणीपाशी, टेम्पोच्या आड. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. सुमनला नाही, देवाला नाही. अर्धवट झोपेत आपण अक्षरं बघून लिहिली असतील? पण अक्षरं तर केव्हाच गेली होती. मग यंत्राने नुसता अंदाज बांधला असेल? लेकीशी वैर धरलेला बाप एकदा तरी तिच्या घरासमोर जाऊन उभा राहत असेल, घरासमोर काहीतरी आडोसा असेल, गॅलरीत कपडे असतील. हा विचार त्यांना पहिल्यापेक्षा जास्त झोंबला. जे आपण जन्मभर काळजाशी जपलं ते कुणालाही बसल्या जागी ओळखता यावं?

आणि एक गोष्ट खोटी होती. ते रडले नव्हते. गिरणीपाशी उभे होते तेव्हा त्यांचे डोळे कोरडे ठणठणीत होते, आणि त्याचंच त्यांना पुढे कित्येक दिवस नवल वाटत होतं. निदान सकाळी तरी त्यांना तसं आठवत होतं. संध्याकाळी त्यांनी पुन्हा आठवून बघितलं तेव्हा खात्री वाटेना. मंगळवारी जाग आली तेव्हा टॉवेलच्या टोकाने डोळे पुसल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं.

"नाना, मी येते," फोनवर वृषाली म्हणाली होती. "रविवारी प्रशांतला घेऊन येते."

६

सहा दिवस होते. सहा दिवसांत नानांना स्वतःच्या गळ्यातून एक शब्द काढायचा होता. तिचं नाव, दोन अक्षरं. बाकीचं गेलं तर गेलं. नाव ऐकलं असतं तर पोरीला कळलं असतं की हा तिचा बाप आहे, दांडीवर आहे ते दुसरंच काही आहे.

सुमनबाई गोठ्यात गेल्या, माधुरी धुण्यावर बसली की ते सुरू करायचे. छातीत वारा भरायचा, गळ्यात अडवायचा, सोडायचा. मंगळवारी नुसता श्वास आला. बुधवारी घरघर. गुरुवारी घरघरीत कुठेतरी 'व'चा भास झाला आणि नानांना इतका आनंद झाला की घाम फुटला. चाळीस वर्षं हजारो माणसांवरून आवाज फेकणारा माणूस एका 'व'साठी घामाघूम होऊन पडला होता.

शुक्रवारी दुपारी वीज गेलेली होती. टॅबची बॅटरी संपली म्हणून माधुरीने तो बंद करून तसाच दांडीवर ठेवला होता. निळा दिवा विझलेला होता. काच काळी होती आणि तिच्यात नानांना स्वतःचा वाकडा झालेला जबडा दिसत होता. बरं झालं, त्यांना वाटलं. त्यांनी छातीत वारा भरला. घरघर आली, ओठ थरथरले, "व्... व्रु..."

"नाना."

आवाज अगदी हळू होता. त्यांचाच होता.

"नाना, घसा फाटंल. कशापायी जिवाला तरास करून घेताय? तुमाला काय म्हनायचंय ते मी म्हनतो की."

नानांनी काचेकडे बघितलं. निळा दिवा विझलेलाच होता. पांढरी रेघ नव्हती. फक्त त्यांचं तोंड होतं, आणि काचेतलं तोंड मिटलेलं होतं. आपलं तोंड मघापासून उघडं आहे, लाळ गळते आहे, हे त्यांना हनुवटीवरच्या ओलीवरून कळत होतं.

मग माधुरी आत आली, पंखा सुरू झाला, आणि काचेत पुन्हा साधी खिडकी दिसायला लागली. डोळा लागला असेल, नानांनी स्वतःला सांगितलं. उकाडा आहे, औषधांची गुंगी आहे. वाकड्या कोनातून काय दिसेल ते सांगता येत नाही. असं बरंच काय काय त्यांनी स्वतःला सांगितलं. पण तो त्यांना 'तुमी' म्हणाला होता, ते काही केल्या मनातून जाईना.

७

रविवारी अकराला वृषाली आली. केसांत पांढरं डोकावत होतं, चालण्यात आईची ढब आली होती. तिने दारातच चप्पल काढली आणि धावत येऊन खाटेच्या कडेला बसून वडिलांचा गार हात दोन्ही हातांत घेतला. मागे प्रशांत उभा होता, सासुरवाडीत कुठे उभं राहायचं ते न कळून.

"आलीस व्हय, वृषे," टॅब म्हणाला.

हात नानांचा धरलेला होता, पण तोंड तिने तिकडे फिरवलं. कुणीही फिरवेल, आवाज जिथून येतो तिकडे माणूस बघतंच. आवाज बोलत राहिला. माफी मागितली, प्रशांतला "जावईबापू, म्या तुमाला वळखलंच न्हाई" असं म्हणाला, गावासमोर जे बोललो ते गावासमोर परत घेतो म्हणाला. एक शब्द वावगा नव्हता. सुमनबाई रडत होत्या, माधुरी रडत होती. वृषालीने नानांचा हात केव्हा खाली ठेवला ते तिलाही कळलं नाही. ती टॅबसमोर सरकून बसली होती.

प्रशांत मात्र टॅबकडे बघत नव्हता. तो नानांच्या डोळ्यांकडे बघत होता.

"वृषाली," तो म्हणाला, "थोडा वेळ हे बंद करूया का? मला नाना काही वेगळं सांगतायत असं वाटतंय."

"खरं हाय जावईबापूंचं," टॅब लगेच म्हणाला. "करा बंद. माझी काय हरकत न्हाई."

संदीपने बटण दाबलं. निळा दिवा विझला. प्रशांत खाटेपाशी गुडघे टेकून बसला आणि बारा वर्षांत कुणी बोललं नव्हतं इतक्या हळुवार आवाजात म्हणाला, "नाना, मी साधा प्रश्न विचारतो. हो असेल तर एकदा डोळे मिटा. नाही असेल तर दोनदा. हे जे आता बोललं, ते तुम्ही बोललात का?"

हेच, हाच प्रश्न! नानांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. दुसऱ्यांदा मिटणार, तोच त्यांना वृषाली दिसली. ती श्वास रोखून त्यांच्या पापण्यांकडे बघत होती. आणि नानांना कळलं की दुसऱ्यांदा डोळे मिटले तर ती काय समजेल. माफी मागणारा बाप नव्हता. गिरणीपाशी उभा राहिलेला बाप नव्हता. बाप अजून तोच, माइकवाला. एका 'नाही'ने यंत्र खोटं पडलं असतं, आणि त्याबरोबर तिला बारा वर्षांनी मिळालेलं सगळंच. 'मी बोललो नाही, पण मला तेच म्हणायचंय', हे डोळे मिटून सांगायची काही सोय नव्हती.

त्यासाठी गळाच हवा होता. त्यांनी छातीत होता तेवढा वारा भरला. मान ताठ झाली, कपाळावरच्या शिरा फुगल्या, जबडा एका बाजूला ओढला गेला. जो आवाज निघाला तो नानांनाही ओळखू आला नाही. लांबलचक, खरखरीत, वर चढत जाणारा. तोंडातून लाळ आणि सकाळची पेज बाहेर आली.

वृषाली घाबरून मागे सरकली. "नको, नको! त्यांना त्रास होतोय. आई, बघ ना! प्रशांत, पुरे झालं!" मग ती लांबूनच, रडवेल्या आवाजात म्हणाली, "नाना, एवढंच सांगा. एकदाच सांगा. ते तुम्हीच बोललात ना?"

नानांनी तिच्याकडे बघितलं. ती लहानपणी ताप आला की अशीच बघायची. त्यांना तिला एवढंसुद्धा देता येणार नव्हतं का?

त्यांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले, आणि मग पापणी हलू दिली नाही.

"बघ!" वृषाली म्हणाली. ती हसत होती. प्रशांतने मान खाली घातली आणि तो उठला.

संदीपने बटण दाबलं. निळा दिवा लागला.

"आता कसं बरं वाटलं," नानांचा आवाज म्हणाला.

८

जेवायची वेळ झाली. माधुरीने नानांचं तोंड पुसलं, चादर बदलली.

"आत लई उकडतंय गं पोरी," टॅब म्हणाला. "मला भाईर घ्या की. लिंबाखाली समद्यांत बसतो."

संदीपने दांडीचे स्क्रू सैल केले. वृषालीने टॅब दोन्ही हातांनी, जपून उचलला. सुमनबाईंनी माशा येतात म्हणून जाताना दार ओढून घेतलं. नानांच्या डोळ्यांसमोर इतके दिवस जिथे काच होती, तिथे आता भिंत दिसत होती.

बाहेर पाट मांडल्याचे, ताटं ठेवल्याचे आवाज आले. मग त्यांचा आवाज ऐकू आला. टॅबसमोर नानांचं तोंड नव्हतं, डोळे नव्हते, तरी तो बोलत होता. प्रशांतला आग्रह करत होता, सुमनबाईंच्या आमटीचं कौतुक करत होता. काहीतरी विनोद झाला. सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने वृषाली हसली. तिचं हसणं नानांनी बारा वर्षांनी ऐकलं.

त्यांनी छातीत वारा भरला. आता घाई नव्हती, कुणी बघणारं नव्हतं, कुणी घाबरणारं नव्हतं. जबडा आपोआप सैल झाला. जीभ जिथे जायची तिथे कशी कोण जाणे, पण गेली.

"वृषे," नाना म्हणाले.

स्पष्ट. दोन्ही अक्षरं. घरातल्या आवाजात. त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना. डोळे भरून आले. त्यांनी पुन्हा वारा भरला आणि जीव एकवटून, जितक्या मोठ्याने येईल तितक्या मोठ्याने म्हटलं, "वृषे!"

बाहेर हसणं थांबलं.

"आत कुणी हाक मारली का?" प्रशांतचा आवाज आला. पाट सरकला. तो उठला होता. पावलं दाराच्या दिशेने दोन पडली, तीन पडली. कडीला हात लागल्याचा आवाज नानांनी ऐकला.

"बसा, जावईबापू, भरल्या ताटावरनं उठू नगा," नानांचा आवाज अंगणातून म्हणाला. "काय न्हाई ते. खाट वाजली आसंल."

कडी क्षणभर तशीच धरलेली होती. मग सुटली. पावलं मागे गेली, पाट पुन्हा सरकला, आणि वृषालीने प्रशांतच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.